पहिली ध्वनिमुद्रिका, तिसरी पिढी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात नेवार्क नावाचे कारखान्यांचे व कामगारवस्तीचे शहर आहे. तेथील न्यू होप बाप्तिस्ट चर्चमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गायनमंडळाच्या रांगेतून पुढे आली आणि तिने प्रथमच एकटीने एक स्तोत्र गायिले. स्तोत्र जुने, मूळ वेल्श भाषेतले. ओसाड भूमीतून चाललेल्या यात्रिकाने परमेश्वराकडे वाट विचारावी अशा भावाचे. चर्चच्या गायनमंडळाला शिकविणाऱ्या बाई म्हणजे तिची आईच. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १४ फेब्रुवारी १९८५ रोजी, त्या मुलीची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली. गायिकेचे नाव आणि ध्वनिमुद्रिकेचे नाव एकच होते : 'व्हिटनी ह्यूस्टन'.

आपल्याकडे हे नाव पुष्कळांच्या कानी पडले ते १९९२ साली आलेल्या 'द बॉडीगार्ड' ह्या चित्रपटामुळे. तिच्या आयुष्याची अखेर कशी झाली हेही वृत्तपत्रांनी रकाने भरभरून सांगितले. त्या अखेरीविषयी येथे फार लिहिण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस कुतूहल आहे ते आरंभाचे. एकवीस वर्षांच्या मुलीची पहिलीच ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपते तेव्हा लोक म्हणतात, नशीब उघडले. वस्तुतः ह्या यशामागे एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे गाणे होते, आणि ते चर्चमधले गाणे होते. ते बाजारात नेताना त्यातले काय ठेवावे आणि काय मागे सोडावे ह्याचा हिशेब दोन वर्षे चालला होता. ही कथा त्या हिशेबाची आहे.

आईचे नाव सिसी ह्यूस्टन; माहेरचे आडनाव ड्रिंकर्ड. हे कृष्णवर्णीय कुटुंब दक्षिणेतील जॉर्जिया राज्यातून उत्तरेला नेवार्कला आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लक्षावधी कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतील शेती आणि तिथला जाच मागे टाकून उत्तरेच्या शहरांची वाट धरली, त्यांतलेच हे एक घर. सिसी ह्या आठ भावंडांत धाकट्या, १९३३ सालच्या. वडिलांनी मुलांना लहानपणीच गाण्यास लावले. ह्या भावंडांतूनच 'ड्रिंकर्ड सिंगर्स' हा गायकसंच उभा राहिला. १९५७ साली न्यूपोर्टच्या प्रसिद्ध जॅझ महोत्सवात महालिया जॅक्सन ह्यांच्यासारख्या थोर गायिकेच्या सोबतीने तो गायिला. मोठ्या व्यापारी कंपनीने ज्यांची भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली अशा सुरुवातीच्या संचांत त्याची गणना होते. सिसी ह्यांची थोरली बहीण ली हिच्या दोन मुली म्हणजे डिऑन वॉर्विक आणि डी डी वॉर्विक. पैकी डिऑन पुढे जगप्रसिद्ध झाली. तेव्हा व्हिटनीच्या घरी गाणे हे पाहुण्यासारखे येत नव्हते. ते घरचेच माणूस होते.

येथे थोडे थांबून 'सोल' संगीताविषयी सांगितले पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे उपासनासंगीत घडले त्याला गॉस्पेल म्हणतात. एकाने सूर टाकावा, सगळ्यांनी तो उचलून उत्तर द्यावे. टाळ्यांचा ठेका चढत जावा. गायकाने शब्दाला ताणावे, वळवावे, मध्येच साद घालावी, अशी त्याची रीत. १९५०च्या दशकात काही गायकांनी हीच रीत घेऊन तीवर प्रेमगीतांचे शब्द बसविले, आणि त्यातून सोल संगीत जन्मले. परमेश्वराच्या जागी प्रियकर किंवा प्रेयसी आली; गळा तोच राहिला. भाविकांना हा व्यवहार सहजी रुचणारा नव्हता. सॅम कुक हा गॉस्पेलचा लाडका गायक. त्याने पहिले लौकिक गीत काढले तेव्हा चर्चच्या श्रोत्यांना कळू नये म्हणून 'डेल कुक' असे टोपणनाव घेतले. आवाज लपला नाही तो नाहीच. १९५७ साली त्याने भक्तिसंगीताचा आपला संच सोडला.

सिसी ह्यूस्टन ह्यांनी ह्या दोन काठांवर दोन पाय ठेवून आयुष्य काढले. आठवडाभर त्या न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणगृहांत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करीत आणि रविवारी नेवार्कला गायनमंडळापुढे उभ्या राहत. १९६०च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने 'स्वीट इन्स्पिरेशन्स' हा साथ करणाऱ्या स्त्रियांचा संच प्रसिद्धीस आला. अरीथा फ्रँकलिनच्या 'एन्ट नो वे' ह्या १९६८ च्या गाण्यात मुख्य आवाजाच्या वर कोठेतरी उंचावरून एक तार सूर तरंगत राहतो, तो सिसी ह्यांचा. १९६९ साली लास व्हेगासमध्ये एल्विस प्रेस्ली पुन्हा रंगमंचावर आला तेव्हा त्याच्या मागे हाच संच उभा होता.

मागे उभा होता, हे महत्त्वाचे. साथ करणाऱ्यांची नावे वेष्टनाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापतात, कित्येकदा तीही नाहीत. सिसी ह्यांनी एकटीच्या नावावर तबकड्या काढल्या नाहीत असे नाही. 'मिडनाईट ट्रेन टू जॉर्जिया' हे गाणे त्या नावाने प्रथम त्यांनीच गायिले. परंतु १९७३ साली ते गाजले ते ग्लॅडिस नाइट हिच्या गळ्यातून. हा केवळ दैवाचा भाग होता की कंपन्यांच्या हलगर्जीचा, ह्याचा निवाडा आम्ही करणार नाही. एवढे मात्र खरे की मुलीला गाणे शिकविणारी ही स्त्री पुढच्या रांगेची किंमत पुरेपूर जाणून होती, कारण तिने ती मागच्या रांगेतून मोजली होती.

व्हिटनीचा जन्म ९ ऑगस्ट १९६३ चा. ती चार वर्षांचीही नव्हती तेव्हा, जुलै १९६७ मध्ये, नेवार्कमध्ये वांशिक असंतोषाचा भडका उडाला. सव्वीस माणसे मेली, वस्त्या जळाल्या. पुढे ह्यूस्टन कुटुंबाने शेजारच्या ईस्ट ऑरेंजमध्ये बिऱ्हाड केले. मुलीला शिक्षणासाठी घातले ते मात्र कॅथलिक शाळेत : काल्डवेल येथील माउंट सेंट डॉमिनिक अकादमी, दोमिनिकन धर्मभगिनींनी चालविलेली मुलींची शाळा. बाप्तिस्ट गायनमंडळाच्या प्रमुख बाईंना मुलीच्या शिस्तीसाठी सिस्टरांची शाळा पसंत पडावी, ह्याचे आमच्या वाचकांना नवल वाटणार नाही. शाळेत असतानाच ती आईबरोबर ध्वनिमुद्रणगृहांत जाऊ लागली. चाका खानसारख्या नामवंत गायिकेच्या मागे साथ करू लागली. छायाचित्रांसाठीही तिला बोलावणी येत. नोव्हेंबर १९८१ मध्ये 'सेव्हन्टीन' ह्या मुलींच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तोवर कृष्णवर्णीय मुलीचा चेहरा क्वचितच आलेला होता. ध्वनिमुद्रणाचे करारही चालून आले होते. आईने ते परतविले. आधी शाळा पुरी होऊ दे, हे तिचे म्हणणे. १९८१ साली शाळा पुरी झाली.

न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत सिसी ह्यांचे कार्यक्रम होत. त्यांत मुलीला एक-दोन गाणी मिळत. अरिस्टा कंपनीचे जेरी ग्रिफिथ ह्यांनी तिला तेथे ऐकले आणि आपले प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस ह्यांना ऐकावयास आणले. एप्रिल १९८३ मध्ये करार झाला. डिऑन वॉर्विक व अरीथा फ्रँकलिन ह्या दोघी त्या वेळी अरिस्टाकडेच गात होत्या, ही गोष्ट घरच्यांना आश्वासक वाटली असणार. करारात एक कलम विशेष होते : डेव्हिस ह्यांनी कंपनी सोडली तर व्हिटनीलाही सोडता येईल. त्या कलमात कोणाच्या अनुभवाचा शहाणपणा उतरला असेल, हे निराळे सांगावयास नको. त्याच वर्षी डेव्हिस ह्यांनी तिला मर्व्ह ग्रिफिन ह्यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात नेऊन अमेरिकेपुढे उभे केले.

येथवर सारे वेगाने घडले. पुढे मात्र सारे मंदावले. नव्या मुलीसाठी आपले चांगले गाणे द्यावयास नामवंत गीतकार व निर्माते तयार नव्हते. डेव्हिस मिळेल त्या गाण्यावर समाधान मानणारे नव्हते. दोन वर्षे गेली. खर्च ठरलेल्या दोन लाख डॉलरांवरून जवळपास चार लाखांवर गेला, असे सांगतात. अखेर दहा गाणी जमली, चार निर्मात्यांच्या हातची : मायकेल मॅसर ह्यांची चार, मायकेल जॅक्सनचा भाऊ जर्मेन ह्याची तीन, कशीफ ह्यांची दोन आणि नरादा मायकेल वॉल्डेन ह्यांचे एक. दहांपैकी तीन युगलगीते. त्यांतले एक, 'होल्ड मी', १९८४ मध्येच टेडी पेंडरग्रास ह्याच्या ध्वनिमुद्रिकेतून आलेले होते. १९८२ च्या मोटार-अपघाताने पंगू झालेला हा गायक पुन्हा गाण्याकडे वळला, त्या पुनरागमनातले ते गीत.

ध्वनिमुद्रिका सर्वांगी उत्तम आहे असे आम्ही म्हणणार नाही. जर्मेन जॅक्सनच्या वाट्याची गाणी आज कानाला पातळ लागतात. विजेवर वाजणाऱ्या वाद्यांचा तो विशिष्ट चकचकीत नाद १९८५ साली नवा होता, आता तो जुन्या जाहिरातीसारखा वाटतो. मात्र आवाज जुना झालेला नाही. तो भरदार असून जड नाही. वर चढताना ओरडत नाही. आणि शब्द इतके स्वच्छ की परक्या भाषेच्या श्रोत्यालाही प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू यावे. गायनमंडळात आधी शब्द नीट उच्चारावयास शिकवितात, मग सूर. ते संस्कार येथे दिसतात.

कंपनीने विक्रीची योजनाही तशीच जपून आखली. अमेरिकेत त्या काळी खपाच्या दोन याद्या प्रमुख होत्या : एक सर्वसाधारण, आणि दुसरी कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीची. 'बिलबोर्ड' साप्ताहिक १९८२ ते १९९० ह्या काळात ह्या दुसऱ्या यादीला उघडपणे 'ब्लॅक' असेच म्हणे. कृष्णवर्णीय गायकाने आधी आपल्या यादीत वर यावे, मग दुसरीचे दार ठोठवावे, असा रिवाज. त्याप्रमाणे 'यू गिव्ह गुड लव्ह' हे संथ गाणे आधी पुढे केले. ते कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिले आले, आणि अपेक्षा नसताना सर्वसाधारण यादीतही तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. दार उघडले होते.

दुसरे गाणे, 'सेव्हिंग ऑल माय लव्ह फॉर यू', ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकेत पहिले आले आणि डिसेंबरात इंग्लंडात. हे गाणे विवाहित पुरुषाच्या प्रेमात पडून त्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे आहे. चर्चच्या गायनमंडळात वाढलेल्या मुलीने हे गावे का, असा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. आमचे मत असे की गाणे त्या संबंधाची भलावण करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गायिकेचा सूर त्या स्त्रीचा एकाकीपणाही लपवीत नाही. बाजाराने तिच्याकडून घेतलेली ही पहिली किंमत म्हणावी काय? कदाचित. सोल संगीताचा जन्मच अशा उसनवारीतून झालेला आहे.

तिसरे, 'हाऊ विल आय नो', हे उडत्या चालीचे गाणे मूळ जॅनेट जॅक्सनसाठी लिहिलेले. तिच्या लोकांनी ते घेतले नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये तेही पहिले आले. १९८१ साली सुरू झालेली एमटीव्ही ही संगीतवाहिनी आरंभीची दोन वर्षे कृष्णवर्णीय गायकांना फारशी दाखवीत नसे; ह्या गाण्याच्या चित्रफितीने व्हिटनी तेथे घरोघरची झाली. परंतु आमच्या मते ह्या गाण्यातली खरी ऐकण्याजोगी गोष्ट पुढे नाही, मागे आहे. मुलगी प्रश्न विचारते आणि मागून स्त्रियांचे आवाज उत्तर देतात. त्या साथ करणाऱ्यांत सिसी ह्यूस्टन आहेत. न्यू होपमधली साद-प्रतिसादाची रीत ती हीच. फक्त येथे आई मागच्या रांगेत आहे आणि मुलगी पुढे.

चौथ्या गाण्याची हकीकत थोडी लांब आहे. 'द ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल' हे गीत मायकेल मॅसर आणि लिंडा क्रीड ह्यांनी १९७७ साली मुष्टियोद्धा मुहम्मद अली ह्याच्या जीवनावरील 'द ग्रेटेस्ट' ह्या चित्रपटासाठी रचिले, आणि जॉर्ज बेन्सन ह्याने ते गायिले होते. व्हिटनी ते आपल्या कार्यक्रमांत आधीपासून गात असे. डेव्हिस ह्यांना ते ध्वनिमुद्रिकेत फारसे नको होते; मॅसर ह्यांनी आग्रह धरला. तरी आरंभी ते एका सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूस टाकलेले होते.

गीताचा आशय असा की माणसाने स्वतःवर प्रेम करावयास शिकणे, हेच सर्वांत थोर प्रेम. ख्रिस्ती वाचक येथे अडखळतो. योहानच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात सर्वांत थोर प्रेम कोणते हे प्रभूने सांगितले आहे, आणि ते आपल्या मित्रांसाठी प्राण देण्याचे आहे. स्वतःचे कौतुक करण्याचे नव्हे. आम्हीही अनेक वर्षे हे गाणे थोड्या नाखुशीनेच ऐकत आलो. पण लिहिणारी कोण होती हे कळल्यावर आमची नाखुशी निम्मी झाली. लिंडा क्रीड स्तनाच्या कर्करोगाशी झगडत असताना तिने हे शब्द लिहिले. देह साथ सोडीत असता आपली प्रतिष्ठा आपल्यापाशी राहावी, एवढेच तिचे मागणे असावे. आणि ज्या समाजाच्या लेकरांना पिढ्यान् पिढ्या त्यांच्या वर्णावरून कमी लेखले गेले, त्यांतल्या एका मुलीने ते मागणे गावे, ह्यालाही अर्थ आहे. स्वतःला तुच्छ मानणारा माणूस शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करणार तरी कसे? उरलेली निम्मी नाखुशी आम्ही राखून ठेवली आहे.

ह्या गाण्याच्या चित्रफितीत सिसी ह्यूस्टनही आहेत; हार्लेममधल्या अपोलो नाट्यगृहात ती चित्रित झाली. १० एप्रिल १९८६ रोजी लिंडा क्रीड वारली, सदतिसाव्या वर्षी. मे महिन्यात तिचे गाणे अमेरिकेच्या यादीत पहिले आले.

ध्वनिमुद्रिका स्वतः यादीच्या तळातून शिडी चढावी तशी चढत होती. पहिल्या स्थानी पोहोचावयास तिला पन्नास आठवडे लागले. ८ मार्च १९८६ हा तो आठवडा. मग ती मधूनमधून खाली येत एकूण चौदा आठवडे तेथे राहिली. अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेली ध्वनिमुद्रिका हीच. एकाच ध्वनिमुद्रिकेतली तीन गाणी पहिल्या स्थानी नेणारी ही पहिली स्त्री. आणि पदार्पणातच असे करणारे तोवर कोणीच नव्हते. शतक संपेपर्यंत एकट्या अमेरिकेत तिच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या.

ग्रॅमी पारितोषिकांच्या वेळी मात्र एक विपरीत गोष्ट घडली. नवोदित कलावंताच्या पारितोषिकासाठी व्हिटनीचे नाव ग्राह्य धरले नाही. कारण काय, तर १९८४ साली दोन युगलगीतांत तिचा आवाज आलेला असल्याने ती नवोदित नव्हे! डेव्हिस ह्यांनी जाहीर निषेध केला. उपयोग झाला नाही. दुसऱ्यांच्या गाण्यात केलेली साथ हिशेबात धरली जात नाही, हे आईने जन्मभर अनुभविले. मुलीच्या बाबतीत ती धरली गेली, पण नेमकी नुकसानीच्या रकान्यात. तथापि २५ फेब्रुवारी १९८६ च्या समारंभात पॉप गायिकेचे पारितोषिक तिला मिळाले. पाकीट उघडून नाव वाचणारी होती तिची मावसबहीण डिऑन वॉर्विक.

आता हिशेबाची दुसरी बाजू. सर्वांना रुचावा म्हणून ह्या आवाजाचे काही कंगोरे घासले गेले होते. गॉस्पेलमधली साद, मोकळा कल्लोळ, गाणे वाटेल तितके लांबविण्याची मुभा, ह्यांतले फारच थोडे दहा गाण्यांत उरले. १९८७ साली दुसरी ध्वनिमुद्रिका आणखी गुळगुळीत निघाली आणि आणखी गाजली; मग तिच्याच लोकांतून कुरबूर सुरू झाली की ही गोऱ्यांसाठी गाते. १९८९ च्या 'सोल ट्रेन' पारितोषिक समारंभात तिचे नाव उच्चारताच प्रेक्षकांतून हुर्यो उठली. चर्चमध्ये वाढलेल्या मुलीला आपल्याच घरातून हा आवाज ऐकावा लागला.

हुर्यो करणाऱ्यांचे सगळेच खोटे होते असे नाही. पण त्यांनी पुरते ऐकले नव्हते. पहिल्या ध्वनिमुद्रिकेतल्या संथ गाण्यांचे शेवट ऐकावेत. चाल संपत आली की गायिका एकच अक्षर घेऊन त्यावर सहा, आठ, दहा सूर गुंफते आणि मग खाली उतरते. आपल्या जुन्या लॅटिन उपासनेत 'आलेलुया'चा अखेरचा स्वर असाच लांबवीत. शब्द संपले तरी आनंद संपत नाही, अशी त्याची उपपत्ती सांगत. कंपनीने गाण्याचा मधला भाग घासला. हे शेवट तिच्या हातून सुटले. पुढच्या वीस वर्षांत पॉप गाणाऱ्या असंख्य मुलींनी नक्कल केली ती ह्या शेवटांचीच.

१९९६ साली 'द प्रीचर्स वाइफ' ह्या चित्रपटासाठी तिने जॉर्जियाच्या मोठ्या गायनमंडळाबरोबर भक्तिगीते गायिली. सर्वाधिक खपलेली गॉस्पेल ध्वनिमुद्रिका म्हणून तिची नोंद झाली. आजोबांनी जे राज्य सोडले त्याच राज्याचे गायनमंडळ नातीच्या मागे उभे राहिले.

११ फेब्रुवारी २०१२ रोजी, पहिल्या ध्वनिमुद्रिकेला सत्तावीस वर्षे पूर्ण होण्याच्या तीन दिवस आधी, बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात तिचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. बुडून मृत्यू, हृदयविकार, अमली पदार्थ : वैद्यकीय अहवालात हे तिन्ही शब्द होते. मोठ्या क्रीडागारात लाखो चाहत्यांना अंत्यदर्शन देता आले असते. परंतु १८ फेब्रुवारी रोजी अंत्यविधी झाला तो नेवार्कच्या न्यू होप बाप्तिस्ट चर्चमध्ये, निमंत्रितांपुरता. मुलीची शवपेटी बाहेर नेताना आई मागून चालत होती.

सिसी ह्यूस्टन त्यानंतर बारा वर्षे जगल्या. ७ ऑक्टोबर २०२४ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या एका चर्चमध्ये मुलांना गाणे शिकविले.